ड्रुइड: ज्यांनी स्वतःबद्दल एक ओळही लिहून ठेवली नाही

इ.स.पू. ६१च्या सुमारास गॉलमधला, म्हणजे आजच्या फ्रान्समधला, एक पुढारी मदत मागायला रोमला आला. नाव दिविकियाकस. शेजाऱ्यांनी जर्मन लढवय्ये भाड्याने आणून त्याच्या एदुई जमातीचा धुव्वा उडवला होता. सिनेटमध्ये त्याला बसायला जागा देऊ केली, पण तो बसला नाही. ढालीवर रेलून, उभ्याउभ्याच त्याने गाऱ्हाणं मांडलं. सैन्य काही मिळालं नाही, हात हलवत परत जावं लागलं. पण त्या मुक्कामात त्याने सिसेरो या रोमन वक्त्या-लेखकाचा पाहुणचार घेतला, आणि सिसेरोच्या एका ग्रंथात त्याच्याबद्दल दोन ओळी आल्या: हा माणूस ड्रुइड आहे, निसर्गाचं शास्त्र आपल्याला येतं असं तो सांगतो, आणि काही शकुनांवरून, काही तर्काने पुढचं भाकीत करतो.

ड्रुइड म्हणजे प्राचीन युरोपातल्या केल्ट लोकांचे पुरोहित, न्यायाधीश आणि पंडित. त्या काळच्या नोंदींतून नावानिशी ओळखता येणारा ड्रुइड हा एवढाच.

आता गंमत बघा. पुढे तीनच वर्षांनी जूलियस सीझर सैन्य घेऊन गॉलमध्ये उतरला, तेव्हा हाच दिविकियाकस त्याचा सगळ्यात विश्वासू सल्लागार होता. सीझरच्या पुस्तकात त्याचं नाव पुन्हा पुन्हा येतं. त्याच्या शब्दाखातर सीझरने त्याच्या बंडखोर भावाला एकदा जीवदान दिलं. याच पुस्तकात सीझर ड्रुइडांवर सविस्तर लिहितो, त्यांच्या शिक्षणावर, न्यायदानावर, बळी देण्यावर. पण आपल्या तंबूत बसणारा हा माणूस स्वतः ड्रुइड आहे, हे तो एकदाही सांगत नाही.

ड्रुइडांबद्दल काहीही वाचताना ही गोष्ट मी मनाशी धरून ठेवतो. आपल्याला जे माहीत आहे ते जवळजवळ सगळं परक्यांनी लिहिलेलं आहे, आणि त्या परक्यांनी काय गाळलं तेही तितकंच बोलकं आहे.

शब्द कुठून आला

केल्ट म्हणजे एक देश किंवा एक राज्य नव्हे. एकमेकांच्या जवळच्या भाषा बोलणाऱ्या शेकडो जमातींना मिळून आपण हे नाव देतो. गॉल, ब्रिटन, आयर्लंड, स्पेनचा काही भाग, अगदी तुर्कस्तानातला गलातिया प्रांत, इतक्या दूरवर त्या पसरलेल्या होत्या. ड्रुइडांचे स्पष्ट उल्लेख मात्र गॉल, ब्रिटन आणि आयर्लंड या तीनच ठिकाणचे आहेत.

‘ड्रुइड’ हा शब्द भाषातज्ज्ञ ‘द्रु’ आणि ‘विद्’ असा फोडतात. मराठी वाचकाला हे दोन्ही तुकडे ओळखीचे वाटतील, कारण ते खरोखर ओळखीचे आहेत. द्रु म्हणजे झाड: आपला द्रुम, देवदारमधला दारु. विद् म्हणजे जाणणं: विद्या, वेद, विद्वान. केल्टिक भाषा आणि संस्कृत एकाच जुन्या भाषाकुळातल्या, म्हणून हे धागे जुळतात. ड्रुइड म्हणजे ‘झाड जाणणारा’, किंवा झाडाच्या घट्टपणावरून ‘गाढं जाणणारा’. अर्थ कोणता घ्यायचा यावर मतभेद आहेत.

इथेच एक इशारा देतो. ‘ड्रुइड म्हणजे द्रविड’ किंवा ‘ड्रुइड हे भारतातून गेलेले ब्राह्मण’ असे मजकूर आपल्याकडे फिरत असतात. ही कल्पना आपल्या लोकांनीही काढलेली नाही. १७९०मध्ये बंगालमध्ये काम करणाऱ्या रूबेन बरो नावाच्या इंग्रज गणितज्ञाने छापून टाकलं होतं की ब्रिटनमधले ड्रुइड ब्राह्मण होते यात तिळमात्र शंका नाही, आणि स्टोनहेंज, म्हणजे इंग्लंडमधलं प्रचंड दगडांचं प्राचीन कडं, हे बुद्धाचं मंदिर आहे. पुरावा काही नव्हता. धातू एक असला म्हणजे त्यातून घडवलेली भांडी एकाच घरातली ठरत नाहीत. शब्दांचं नातं खरं आहे. माणसं इथून तिथे गेली, याला आधार नाही.

काम काय करायचे

पांढरी दाढी, पांढरा झगा, हातात काठी, चुलीवर उकळणारा काढा. कॉमिक्स आणि व्हिडिओ गेमनी आपल्या डोक्यात बसवलेलं हे चित्र थोडा वेळ बाजूला ठेवू. सीझर सांगतो ते चित्र बरंच वेगळं आहे. त्याच्या ड्रुइडाच्या हातात सगळ्यात मोठं हत्यार जादूचं नाही, न्यायाचं आहे. खून, वारसा, शेताच्या बांधाचं भांडण, दोन जमातींमधला तंटा, सगळं त्यांच्यापुढे यायचं. निवाडा मानला नाही तर शिक्षा एकच, पण जबर: त्या माणसाला यज्ञाला उभं करायचं नाही. म्हणजेच वाळीत टाकायचं. असा माणूस समोरून आला तर लोक वाट बदलत, बोलणं टाळत, त्याची फिर्याद कुणी ऐकत नसे. वाळीत पडणं म्हणजे काय हे महाराष्ट्रात वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

वर्षातून एकदा कार्नुतेस जमातीच्या मुलखात सगळे ड्रुइड जमत. तो मुलूख गॉलचा मध्य मानला जाई, आणि लांबलांबून लोक आपले खटले घेऊन तिथे येत. सगळ्यांवर एक प्रमुख ड्रुइड असे. तो गेला की पुढचा सर्वांत मान असलेला माणूस, आणि तोडीस तोड दोघे असले तर मतदान. कधी तलवारीही निघत. ड्रुइडांना कर माफ, सैन्यात जाणं माफ. त्यामुळे मुलं आपणहून येत, काहींना आईबाप पाठवत.

शेजारच्या जमाती एकमेकींच्या उरावर बसलेल्या असताना त्या सगळ्यांना मान्य असणारा हा एकच वर्ग होता. दिओदोरस हा ग्रीक लेखक तर म्हणतो की सैन्यं समोरासमोर आली, तलवारी उपसल्या गेल्या, तरी हे लोक मध्ये जाऊन उभे राहत आणि लढाई थांबे.

स्त्राबो हा दुसरा ग्रीक लेखक तीन प्रकारचे मानकरी सांगतो: गाणी रचणारे बार्ड, बळी देणारे आणि शकुन पाहणारे वातेस, आणि निसर्ग व नीती यांचा विचार करणारे ड्रुइड. सीझर हे सगळं एकाच नावाखाली घालतो. हे दोघे आणि दिओदोरस बहुधा पोसिडोनियस नावाच्या एका जुन्या ग्रीक पंडिताच्या लेखनावर अवलंबून होते. पोसिडोनियस स्वतः गॉलमध्ये फिरून आला होता, पण त्याचं मूळ पुस्तक हरवलं. म्हणून तीन लेखक एकच गोष्ट सांगतात तेव्हा तिला तीन साक्षीदार मिळाले असं समजायचं नाही. एकाच्याच तोंडची गोष्ट तिघांच्या कानावरून आपल्यापर्यंत आलेली असू शकते.

वीस वर्षं पाठांतर

ड्रुइड व्हायला काही जण वीस-वीस वर्षं शिकत. ज्यांना आणखी खोलात जायचं ते समुद्र ओलांडून ब्रिटनला जात, कारण ही विद्या मूळची तिकडची असं गॉलमध्ये मानलं जाई. शिक्षण सगळं मुखोद्गत. हजारो कडवी पाठ करायची, एकही कागदावर उतरवायचं नाही.

लिहिता येत नव्हतं असं मुळीच नाही. हिशेब आणि खाजगी कामासाठी ते ग्रीक लिपी वापरत, असं सीझरच सांगतो. तरी विद्या लिहायची नाही, हा नियम. सीझरला त्याची दोन कारणं दिसतात: एक, विद्या वाटेल त्याच्या हाती पडू नये, दोन, लिहून ठेवण्याची सवय लागली की माणूस स्मरणशक्तीकडे दुर्लक्ष करतो.

ज्या घरात कधी वेदपाठ झाला आहे, किंवा ज्याने देवळात घनपाठ ऐकला आहे, त्याला यात अशक्य काही वाटणार नाही. शब्द उलटसुलट गुंफून, मागे-पुढे म्हणत, एक अक्षर हलू न देता पिढ्यान्‌पिढ्या ग्रंथ जिवंत ठेवता येतो. पण त्याला एक अट आहे: साखळी तुटता कामा नये. गुरूने शिष्याला सांगितलं पाहिजे, आणि शिष्याला पुढे शिष्य मिळाला पाहिजे. गॉलमध्ये ती साखळी तुटली. त्या हजारो कडव्यांतलं एकही आज आपल्याकडे नाही. कुठल्या छंदात होती, कोणत्या चालीत म्हणत, त्यात तारे होते की वंशावळी की औषधं, काहीच उरलं नाही. ड्रुइडांच्या सगळ्या कहाणीत मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती या गोष्टीची. बळी, विळे, काढे यांच्याबद्दल आपण तावातावाने बोलतो, आणि वीस वर्षं खर्चून मिळवलेली विद्या शेवटच्या माणसाबरोबर चितेवर गेली, याच्यावर फारसं कुणी थांबत नाही.

आत्मा मरत नाही, पण मग काय होतं?

ड्रुइडांची जी शिकवण सगळे प्राचीन लेखक एकमुखाने सांगतात, ती हीच: आत्म्याला मरण नाही. सीझर म्हणतो, मेल्यावर आत्मा एकातून दुसऱ्यात जातो, आणि या विश्वासामुळे गॉल लोक मरणाला भीत नाहीत. ग्रीकांना लगेच आत्म्याच्या देहांतराची हीच गोष्ट शिकवणारा त्यांचा पायथागोरस आठवला. आपल्याला लगेच पुनर्जन्म आठवतो.

इथे जरा थांबून बघायला हवं. लुकन नावाचा रोमन कवी म्हणतो की तोच आत्मा ‘दुसऱ्या जगात’ देह चालवतो. म्हणजे याच पृथ्वीवर पुन्हा जन्म नाही, पलीकडच्या एका जगात पुढचं आयुष्य. आणि वालेरियस माक्सिमस या लेखकाने नोंदवलेली एक प्रथा तर सगळ्यात उद्बोधक आहे: गॉल लोक एकमेकांना कर्ज देत आणि त्याची फेड पुढच्या आयुष्यात करायची असं ठरवत. चितेवर आप्तांना उद्देशून लिहिलेली पत्रं टाकत, मेलेल्यांनी ती वाचावीत म्हणून, असं दिओदोरस सांगतो.

विचार करा. पुढच्या जन्मी मी कोण होतो हेच आठवणार नसेल, तर कर्ज वसूल कसं करणार? पत्र कुणाच्या नावाने टाकणार? या प्रथांना अर्थ तेव्हाच येतो जेव्हा पलीकडे जाणारा माणूस तोच असतो, त्याच नावाचा, तीच नाती, तीच देणी घेऊन. आपल्या पुनर्जन्माच्या कल्पनेत जे मध्यभागी आहे ते कर्म, म्हणजे या जन्मीच्या वागण्याचं फळ पुढच्या जन्मी, त्याचा एकही प्राचीन लेखक ड्रुइडांच्या संदर्भात उल्लेख करत नाही. शब्द सारखा वाटला तरी वस्तू वेगळी आहे.

याखेरीज ते तारे आणि त्यांची गती, जगाचा आकार, देवांचं सामर्थ्य यांवर शिकवत. सगळे गॉल एकाच पाताळातल्या पित्याची लेकरं, असंही त्यांचं सांगणं होतं, आणि म्हणून काळ ते रात्रींनी मोजत. आधी रात्र, मग दिवस. वाढदिवस, महिन्याचा पहिला दिवस, सगळं रात्रीपासून सुरू. देवळं बांधण्यापेक्षा त्यांचा जीव रानात रमे. अशा राखलेल्या पवित्र जागेला केल्टिक शब्द ‘नेमेतोन’. आपल्याकडे त्याच्या सगळ्यात जवळचा शब्द देवराई.

बांडगूळ आणि सोन्याचा विळा

आपल्या डोक्यातलं दाढी-झग्याचं चित्र ज्या एका उताऱ्यातून आलं, तो प्लिनी या रोमन लेखकाचा आहे. हा तोच प्लिनी जो इ.स. ७९मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मरण पावला. तो सांगतो, ओकच्या झाडावर उगवलेलं बांडगूळ ड्रुइडांना सगळ्यात पवित्र. चंद्राच्या सहाव्या दिवशी मेजवानीची तयारी करून, ज्यांची शिंगं त्याच दिवशी पहिल्यांदा बांधली आहेत असे दोन पांढरे बैल आणायचे. पांढरा झगा घातलेला पुजारी झाडावर चढणार, सोन्याच्या विळ्याने बांडगूळ कापणार, खाली लोक ते पांढऱ्या कापडात झेलणार. मग बैलांचा बळी. बांडगुळाचा रस पाजला की भाकड जनावर गाभण राहतं आणि सगळ्या विषांवर तो उतारा आहे, अशी श्रद्धा. त्यांच्या भाषेत त्याचं नावच ‘सर्व बरं करणारं’.

आपल्याकडे बांडगूळ म्हटलं की आंब्याचा जीव शोषणारी कीड आठवते, माणसाला दिलं तर ती शिवी. युरोपातल्या हिवाळ्यात उभं राहून बघा म्हणजे ड्रुइडांची नजर कळेल. ओक पूर्ण निष्पर्ण, काळा, मेल्यासारखा. आणि वर, जमिनीला कुठेही न टेकलेला, एक हिरवागार गोल झुबका, त्याला मोत्यासारखी पांढरी फळं. झाडाचा प्राण थंडीत तिथे जाऊन बसला आहे असं कुणाला वाटलं, तर नवल नाही. त्यात ते ओकवर क्वचितच उगवतं, त्यामुळे सापडलं की त्याचा सोहळा होणारच. विळा मात्र नुसत्या सोन्याचा असणं कठीण. सोनं मऊ, त्याला धार टिकत नाही. सोन्याचा मुलामा दिलेलं काशाचं पातं असावं.

याच प्लिनीने ‘सापाचं अंडं’ म्हणून ड्रुइडांची एक वस्तू स्वतः पाहिली होती, सफरचंदाएवढी. ती जवळ बाळगली की खटला जिंकतो अशी समजूत. एका गॉल सरदाराने कोर्टात ती छातीशी लपवून नेली, तर सम्राट क्लॉडियसने त्याला ठार करवलं. एका ताइतासाठी देहदंड. रोमन सत्तेला हे लोक किती खुपत होते त्याचा यातून अंदाज येतो.

माणसं जाळायचे का?

सगळ्यात अवघड प्रश्न हाच. सीझर लिहितो, वेताच्या काटक्यांचे प्रचंड पुतळे करून, त्यात जिवंत माणसं भरून ते पेटवत. चोर-दरोडेखोर असले तर उत्तम, नसले तर निरपराध माणसंही. स्त्राबो सांगतो, माणसाच्या पाठीत तलवार खुपसून त्याच्या तडफडण्यावरून भविष्य बघत.

हे सगळं बनाव आहे असं म्हणणारे आहेत, आणि अक्षरशः खरं मानणारेही. मला दोन्ही टोकं पटत नाहीत. आधी सांगणाऱ्याकडे बघू. सीझर त्या वेळी गॉल जिंकत होता आणि रोममधल्या वाचकांना आपली मोहीम पटवून देत होता. ड्रुइडांवरची प्रकरणं नेमकी त्या वर्षात येतात ज्या वर्षी, इ.स.पू. ५३ मध्ये, ऱ्हाइन नदी ओलांडून त्याच्या हाती फारसं काही लागलं नव्हतं. शिवाय ‘आम्ही आलो आणि ही क्रूर प्रथा बंद केली’ हे वाक्य जेत्यांच्या तोंडी सगळ्या काळात शोभून दिसतं. आपल्यावर राज्य करून गेलेल्यांची कागदपत्रं वाचणाऱ्यांना त्याचा सूर पाठ आहे.

रोमचे स्वतःचे हातही कोरडे नव्हते. इ.स.पू. २१६ मध्ये कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याकडून कानाईला दारुण हार झाल्यावर रोमनांनी आपल्याच गुरांच्या बाजारात चार माणसं जिवंत पुरली: एक गॉल पुरुष, एक गॉल स्त्री, एक ग्रीक पुरुष, एक ग्रीक स्त्री. नरबळीवर सिनेटने बंदी घातली ती इ.स.पू. ९७ मध्ये. दिविकियाकस ढालीवर रेलून उभा राहिला त्याच्या अवघी ३६ वर्षं आधी.

आता जमीन काय सांगते ते बघू. उत्तर फ्रान्समध्ये रिबमाँ-सुर-आंक्र इथे इ.स.पू. तिसऱ्या शतकातलं एक ठिकाण उकरलं गेलं. तिथे शेकडो योद्ध्यांची मुंडकी नसलेली शरीरं होती, आणि माणसांची लांब हाडं ओंडक्यांसारखी आडवी-उभी रचून केलेले चौथरे. अंगावर काटा येतो. पण ते लढाईत पडलेले शत्रू असू शकतात.

१ ऑगस्ट १९८४ रोजी इंग्लंडमध्ये चेशरच्या लिंडो मॉस दलदलीत पीट, म्हणजे कुजक्या शेवाळाची जळाऊ माती, काढताना एका माणसाचा देह सापडला. पंचविशीतला, दाढी नीट कातरलेली, नखं निगुतीची. दलदलीने त्याची कातडी चामड्यासारखी कमावून ठेवली होती. डोक्यावर जबर घाव, गळ्याभोवती स्नायूची बारीक दोरी, गळा चिरलेला. शेवटचं जेवण म्हणजे तव्यावर भाजलेली जाडीभरडी भाकरी, आणि पोटात बांडगुळाचे चार परागकण. बांडगूळ म्हटल्यावर अनेकांनी ड्रुइडांचा बळी म्हणून शिक्का मारला. काही अभ्यासकांचा आक्षेप असा की दोरी हा दागिना असेल, गळ्याची चीर नंतरची असेल, आणि चार परागकण वाऱ्यानेही पिठात पडतात. हा देह आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

माझं मत विचाराल तर, लोहयुगातल्या युरोपात माणसं देवाला वाहिली जात होती, याला आधार आहे. विधीला ड्रुइड हजर असत, हेही सीझर सांगतो आणि ते संभवनीय आहे. काटक्यांचा तो पुतळा मात्र कुठल्याही उत्खननाने दाखवलेला नाही. आपल्याला तो इतका स्पष्ट दिसतो कारण १६७६मध्ये एका इंग्रजी पुस्तकात त्याचं चित्र छापून आलं, आणि तेच चित्र आजवर गिरवलं जातंय.

शेवट कसा झाला

ऑगस्टसने रोमन नागरिकांना ड्रुइडांचा धर्म पाळायला बंदी केली, टायबेरियसने त्यांच्याविरुद्ध हुकूम काढला, क्लॉडियसने तो धर्म पुरता मोडून काढला. असे आदेश तीन सम्राटांना काढावे लागले, म्हणजे पहिल्या फटक्यात काही ते संपले नव्हते. कारण धर्मापेक्षा राजकीय असावं: जमातींच्या वर उठून निवाडा देणारी, दरवर्षी एकत्र जमणारी माणसं कोणत्याच साम्राज्याला परवडत नाहीत.

इ.स. ६०च्या सुमारास रोमन सेनापती स्वेटोनियस पॉलिनस वेल्सच्या टोकाला असलेल्या मोना बेटावर, म्हणजे आजच्या अँगलसीवर, चालून गेला. रोमन इतिहासकार टॅसिटस वर्णन करतो: पायदळ सपाट तळाच्या होड्यांतून, घोडेस्वार उथळ पाण्यातून. समोर काठावर शस्त्रं घेतलेली दाटी, तिच्यामधून काळ्या कपड्यांतल्या, केस मोकळे सोडलेल्या बायका मशाली नाचवत धावताहेत, आणि भोवती ड्रुइड आकाशाकडे हात करून शिव्याशाप देताहेत. रोमन शिपाई क्षणभर जागीच थिजले. मग भानावर आले, कत्तल झाली, देवराया तोडल्या गेल्या. टॅसिटसने हे पन्नासेक वर्षांनी लिहिलं, पण त्याचा सासरा अग्रिकोला तरुणपणी याच पॉलिनसच्या हाताखाली ब्रिटनमध्ये होता, त्यामुळे काही गोष्टी घरातच कानावर आल्या असतील.

त्या बेटावर १९४२मध्ये विमानतळ बांधताना पीट खणून पसरत होते. त्यात हाडं आणि लोखंड निघू लागलं. एक मजबूत साखळी सापडली, ती ट्रॅक्टरला बांधून मजुरांनी चिखलात रुतलेले ट्रक ओढून काढले. नंतर तज्ज्ञांनी पाहिलं तेव्हा कळलं की साखळी दोन हजार वर्षं जुनी, गुलामांच्या वा कैद्यांच्या गळ्यात अडकवायची. जवळच्या लिन केरिग बाख तळ्यातून अशा दीडशेहून अधिक वस्तू निघाल्या: तलवारी, भाले, रथांचे भाग. पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी त्या मुद्दाम पाण्यात सोडल्या होत्या.

तलवारीपेक्षा ड्रुइडांना शाळेने संपवलं असं मला वाटतं. दिविकियाकसच्याच जमातीसाठी रोमनांनी ऑगस्टोडुनुम, आजचं ओतँ, हे नवं शहर वसवलं. इ.स. २१ मध्ये गॉलच्या बड्या घरांतली मुलं तिथे शिकत होती, असं टॅसिटस नोंदवतो. सत्तेची वाट लॅटिनमधून जाऊ लागल्यावर वीस वर्षं रानात पाठांतर करायला मुलगा कोण पाठवणार?

आयर्लंडवर रोमनांचं राज्य कधीच आलं नाही. तिथे ड्रुइड ख्रिस्ती धर्म येईपर्यंत टिकले आणि हळूहळू त्यांचा मान उतरला. निवाड्याचं काम कायदेपंडितांकडे गेलं, काव्याचं ‘फिली’ कवींकडे, देवाचं पाद्र्यांकडे. उरली ती जादूटोण्याची भीती. जुन्या आयरिश भाषेतल्या एका प्रार्थनेत भक्त देवाकडे संरक्षण मागतो: बायका, लोहार आणि ड्रुइड यांच्या मंत्रांपासून.

त्यानंतर हजारएक वर्षांनी इंग्रज विद्वानांना ते पुन्हा सापडले, आणि ज्याला जसे हवे तसे सापडले. स्टोनहेंजचे मोठे दगड उभे राहिले इ.स.पू. २५००च्या सुमारास, ड्रुइडांचा पहिला उल्लेख येण्याच्या दोन हजारांहून अधिक वर्षं आधी. तरी सतराव्या-अठराव्या शतकात जॉन ऑब्रे आणि विल्यम स्टकली यांनी ते ड्रुइडांच्या नावे केलं, आणि ते आजही सुटत नाही. १७९२मध्ये इओलो मॉर्गानुग या वेल्श पाथरवट कवीने लंडनच्या प्रिमरोझ हिलवर दगडांचं कडं मांडून ‘प्राचीन’ बार्डांचा सोहळा केला. त्याची प्राचीन कागदपत्रं त्याने स्वतः रचलेली होती. पण त्या सोहळ्याने वेल्श भाषेला उभं राहायला बळ दिलं, आणि तो आजही वेल्सच्या राष्ट्रीय साहित्योत्सवाचा मानाचा भाग आहे. २०१०मध्ये इंग्लंडमध्ये एका ड्रुइड संस्थेला धर्मादाय संस्था म्हणून मान्यता मिळाली. आजचे ड्रुइड निसर्ग जपतात, वर्षातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवशी सूर्य बघायला जमतात. त्यांची श्रद्धा प्रामाणिक आहे. ती जुन्यांकडून परंपरेने आलेली नाही, इतकंच.

एक काशाचा पत्रा

जुन्या विद्येची सावली जिथे दिसते अशी एक वस्तू मात्र आहे. १८९७मध्ये पूर्व फ्रान्समधल्या कोलिन्यी गावाजवळ शेतात काशाचे दीडशेच्या आसपास तुकडे सापडले. जोडल्यावर जवळजवळ दीड मीटर रुंदीचं एक पंचांग तयार झालं. लिपी रोमन, भाषा गॉलांची. इ.स. दुसऱ्या शतकाच्या अखेरचं, म्हणजे क्लॉडियसच्या बंदीनंतर शंभराहून जास्त वर्षांनी.

त्यात पाच वर्षं आहेत, चांद्रमासांची. सूर्याशी मेळ बसावा म्हणून अडीच अडीच वर्षांनी एक अधिक महिना घातला आहे. एकूण महिने ६२. आपल्या वेदांगज्योतिषातलं युगही पाच वर्षांचं आणि ६२ चांद्रमासांचं आहे, हे वाचून मी चमकलो होतो; पण चंद्र-सूर्य दोन्हीकडे तेच, त्यामुळे नीट मोजणारा कुठेही असला तरी याच आकड्यापाशी येणार. तीस दिवसांच्या महिन्यापुढे ‘मात्’, म्हणजे शुभ, लिहिलं आहे आणि एकोणतीस दिवसांच्या पुढे त्याचं उलट. प्रत्येक महिना मधोमध दुभंगलेला, आणि दुसऱ्या अर्ध्यात दिवस पुन्हा एकपासून मोजलेले, आपण पंधरवड्यात मोजतो तसे.

हे कुणी कोरलं ते त्यावर लिहिलेलं नाही. पण तारे आणि काळ मोजणं हे ज्यांचं काम, ते लोक संपले असं रोमने जाहीर केल्यावरही कुणाला तरी हे सगळं येत होतं. प्रत्येक दिवसाच्या ओळीशेजारी एक बारीक भोक पाडलेलं आहे, खुंटी बसवायला. रोज संध्याकाळी, कारण त्यांचा दिवस रात्रीपासून सुरू व्हायचा, कुणीतरी त्या पत्र्यापुढे येऊन ती खुंटी एक भोक पुढे सरकवत असणार.